प्लॅनिंग प्रोजेक्टचा पहिला वॉक: जायच्या आधी, चालताना आणि आल्यावर काय करायचं

वाढत्या शहरात राहणाऱ्या प्रत्येकाला हे माहितीये, कालपर्यंत ज्या रस्त्याने जायचो तिथे एक दिवस अचानक पत्रे ठोकलेले दिसतात, पत्र्यांवर झाडं, सायकलवर मुलं, हसरे आजी-आजोबा अशी चित्रं, आणि आत नक्की काय होणारे, कोणी ठरवलं, कधी संपणारे हे विचारायला कोणी नाही. मग आपण वळसा घालून जायला लागतो आणि पत्रे निघाले की जे काय झालं असेल ते गपचूप वापरायला लागतो. मला हे फार खटकायचं. म्हणून मी अशा प्रोजेक्टच्या गाईडेड वॉकला जायला लागले, आणि आता इतके झालेत की नवीन लोक मला विचारतात, काय न्यायचं, काय विचारायचं, आपल्याला त्यातलं काही कळत नाही तर चालेल का. चालेल. ज्याला तो रस्ता रोज ओलांडावा लागतो त्याला त्यातलं बरंच आधीच कळत असतं, फक्त कुठे बघायचं हे कोणीतरी दाखवावं लागतं, तेच इथे क्रमाने लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नकाशावर दिसतं ते काय ठरलं होतं, आणि चालताना दिसतं ते लोकांनी त्याचं पुढे काय केलं. वॉकला जायचं ते ही दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून बघायला. नुसतं नकाशावरचं ऐकून आलात तर ते घरी बसून पण झालं असतं, आणि नुसतं फिरून आलात तर तो फेरफटका झाला, छानच, पण वॉक नाही झाला.

पायरी १: वॉक कोणाचा आहे ते बघा

साधारण तीन तऱ्हा असतात. पहिली, प्रोजेक्ट करणाऱ्यांचाच वॉक, म्हणजे नगररचना विभाग किंवा त्या कामासाठी काढलेली कंपनी. हॅम्बुर्गमध्ये जुन्या बंदराच्या १५७ हेक्टर जागेवर हाफेनसिटी नावाचा अख्खा नवा भाग उभा राहतोय, तिथे जुन्या बॉयलर हाऊसच्या इमारतीत माहिती केंद्र केलं, आत त्या भागाचं मॉडेल ठेवलं आणि तिथून लोकांना घेऊन फिरवायला सुरुवात केली. अशा वॉकमध्ये माहिती पक्की मिळते, आकडे मिळतात, कधी कधी पत्र्यांच्या आत पण जाता येतं. दुसरी तऱ्हा आर्किटेक्ट, प्लॅनर, कॉलेजमध्ये शिकवणारे यांच्या वॉकची, त्यात हे असंच का केलं आणि दुसरं काय करता आलं असतं हे ऐकायला मिळतं.

तिसरा रहिवाशांचा वॉक, आणि तो माझ्या सगळ्यात जवळचा. जेन जेकब्स यांचं नाव ऐकलं असेल, प्लॅनिंगची डिग्री नसलेली बाई, पण न्यूयॉर्कमध्ये वस्तीतून जाणारा एक्सप्रेसवे अडवायला उभी राहिली, मग १९६८ मध्ये टोरांटोला राहायला गेली आणि तिथल्या स्पडायना एक्सप्रेसवेविरुद्ध पण लढली, तो १९७१ मध्ये थांबवला गेला. २००६ मध्ये त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात टोरांटोमध्ये त्यांच्या आठवणीत 'जेन्स वॉक' सुरू झाले. कल्पना साधी, आपण राहतो तो भाग आपणच चालत चालत दुसऱ्यांना दाखवायचा, पैसे घ्यायचे नाहीत, आणि बोलायचा हक्क गाईडएवढाच बाकीच्यांना पण. आता मे महिन्याच्या पहिल्या वीकेंडला कितीतरी देशांत हे वॉक होतात.

नवीन माणसाला माझा सल्ला असा की एकच प्रोजेक्ट धरा आणि त्याचे दोन वॉक करा, आधी करणाऱ्यांचा, मग राहणाऱ्यांचा. उलट क्रमाने गेलात तर आधीच मत पक्कं झालेलं असतं आणि करणाऱ्यांचं म्हणणं नीट कानात शिरत नाही. दोन्हीकडे एकच कोपरा दाखवतात पण गोष्ट वेगळी असते, आणि तुमचं खरं शिकणं त्या दोन गोष्टींच्या मधल्या फटीत असतं.

पायरी २: निघायच्या आधी अर्धा तास

अर्ध्या तासाच्या वर नको, नाहीतर लोक तयारीच करत बसतात आणि वॉक राहून जातो. तीन गोष्टी बघा.

एक, त्या भागाचा विकास आराखडा. बऱ्याच शहरांत तो ऑनलाईन असतो. रंग बघून घाबरू नका, रंग म्हणजे एवढंच की कुठे घरं, कुठे दुकानं-ऑफिसं, कुठे कारखाने, कुठे मोकळी जागा असं ठरलंय. त्यात आरक्षण असा शब्द सापडेल, म्हणजे ही जागा शाळेसाठी, बागेसाठी, रस्त्यासाठी राखून ठेवलीये. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल तो आकडा, एक हजार चौरस मीटरच्या प्लॉटला दोन एफएसआय असेल तर सगळे मजले मिळून दोन हजार चौरस मीटर. आणि सेटबॅक म्हणजे रस्त्यापासून इमारत किती मागे घ्यायची. हे चार शब्द कळले तरी पहिल्या वॉकला भरपूर झालं.

दोन, जुना फोटो. गूगल अर्थमध्ये मागच्या वर्षांची सॅटेलाईट चित्रं बघता येतात, त्यात तोच भाग दहा-पंधरा वर्षं मागे नेऊन बघा आणि स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा. जागेवर उभं राहून तो स्क्रीनशॉट उघडला की पायाखाली पूर्वी ओढा होता की शेत होतं की वस्ती होती हे एकदम अंगावर येतं.

तीन, तुमचा स्वतःचा एक प्रश्न. मोठा नको. 'या नव्या रस्त्यावरून माझी आई काठी टेकत चालू शकेल का' एवढा पुरतो.

मॉडेल असेल तर ते बघताना एक हिशोब करा

माहिती केंद्रात शहराचं मॉडेल असेल तर सगळे आधी त्याच्याभोवती गोळा होतात, सिंगापूरच्या सिटी गॅलरीत तर शहराच्या मध्यभागाचं भलंमोठं मॉडेल आहे, आणि वरून बघताना खरंच सुंदर दिसतं. पण स्केल विचारा. १:५०० असेल तर मॉडेलवरचा एक सेंटीमीटर म्हणजे खरे पाच मीटर, आणि १७० सेंटीमीटर उंचीचा माणूस तिथे साडेतीन मिलिमीटरसुद्धा भरत नाही, मुंगीएवढा. मी नेहमी मॉडेलच्या टेबलाच्या कडेशी खाली वाकते, डोळा त्या रस्त्याच्या पातळीला आणते, आणि त्या मुंगीच्या जागी उभी राहून बघते की समोर काय दिसेल. वरून मोकळा-हवेशीर वाटणारा चौक तिथून कधी कधी नुसत्या भिंती दाखवतो. हे करून बघाच, लाज वाटू देऊ नका, चांगला गाईड असेल तर तोही वाकतो.

पायरी ३: काय घालायचं, काय न्यायचं

हे पटकन. रोजचे चालायचे बूट, नवीन नकोत. पाणी, टोपी, बांधकामाच्या आत नेणार असतील तर पूर्ण बंद बूट, हेल्मेट तेच देतात. छोटी वही आणि पेन, कारण फोनवर टाईप करायला लागलं की मान खाली जाते आणि मागे पडायला होतं. दोन तासांच्या वॉकमध्ये अंतर जेमतेम दोन-अडीच किलोमीटर होतं, थांबणं जास्त असतं, तेव्हा पाय दुखले तर ते चालून नाही, उभं राहून दुखतात. ज्यांना उभं राहायला त्रास होतो त्यांनी आधीच विचारावं की मधे बसायला जागा आहे का. आणि नसेल तर ती पण त्या प्रोजेक्टबद्दलची माहितीच झाली.

मोजायला टेप नको, अंग पुरतं. घरीच पट्टी घेऊन आपली वीत मोजा, माझी वीस सेंटीमीटर भरते. मैदानाच्या ट्रॅकवर शंभर मीटर चाला आणि पावलं मोजा, साधारण एकशे तीस-चाळीस होतील, मग एक पाऊल किती ते कळलं. एवढ्या दोन मापांवर मी सगळे वॉक केलेत.

पायरी ४: चालताना आधी खाली बघा

नवीन लोक सगळे वर बघतात, टॉवर, पूल, मेट्रोचे खांब. मी म्हणते पहिला अर्धा तास खाली बघा, शहराने आपला विचार किती केलाय ते पायाशी कळतं.

फुटपाथवर पिवळ्या उठावाच्या टाईल्स बघितल्या असतील. त्या सजावटीच्या नाहीत. जपानमध्ये सेइची मियाके यांनी १९६५ मध्ये दृष्टिहीन लोकांसाठी त्या तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा रस्त्यावर बसवल्या. आज ही भाषा जगभर चालते: लांब उभ्या पट्ट्या म्हणजे या दिशेने चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे, रस्ता, जिना, प्लॅटफॉर्मची कड. आता वॉकमध्ये एक काम करा, त्या पट्ट्यांची एक ओळ पकडा आणि शेवटपर्यंत तिच्या मागे जा. मी एका नव्याकोऱ्या रस्त्यावर अशी ओळ पकडली होती, पहिली चाळीस पावलं अगदी सुरेख, मग ती ओळ सरळ एका विजेच्या डीपीत घुसली, म्हणजे डीपीच्या सिमेंटच्या चौथऱ्याखाली टाईल अर्धी दाबलेली, आणि पलीकडून परत सुरू. ठिपक्याची एक टाईल नाही, वळण नाही, काही नाही. टाईल लावणाऱ्याने नकाशाप्रमाणे लावली, डीपी बसवणाऱ्याने त्याच्या नकाशाप्रमाणे बसवली, आणि दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून कोणी बघितलेच नाहीत. मला तिथे उभं राहून खूप वाईट वाटलं, कारण डोळस माणूस बाजूने निघून जातो आणि ज्याच्यासाठी ते केलं तो नेमका तिथेच आपटणार. त्या दिवसापासून मी प्रत्येक वॉकमध्ये एक तरी ओळ शेवटपर्यंत चालतेच.

तसंच फुटपाथच्या कडेची उंची. वीत टेकवा. पंधरा सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे माझी पाऊण वीत, असेल तर ठीक, पूर्ण वीत किंवा त्याच्यावर गेली की म्हातारी माणसं फुटपाथ सोडून रस्त्यावरून चालायला लागतात आणि मग आपण म्हणतो लोकांना शिस्त नाही. क्रॉसिंगपाशी उतार दिलाय का बघा, व्हीलचेअरसाठी जास्तीत जास्त एकास बारा असा उतार धरतात, म्हणजे एक वीत चढायला बारा विती लांबी. तीन-चार वितींतच सगळं उरकलं असेल तर तो उतार फोटोपुरता आहे.

आणि हिरवळीवर कुठे पाऊलवाट पडलीये का ते शोधा. नवीन बागेत आखीव रस्ता गोल फिरून जातो आणि लोकांनी मधून तिरकी वाट पाडलेली असते. माझ्या मते अख्ख्या वॉकमध्ये याहून खरा अभिप्राय दुसरा मिळत नाही, कारण तो कोणी विचारल्याशिवाय, रोज, पायांनी दिलेला असतो. गाईडला विचारा की ती वाट पक्की करणारे का तिथे कुंपण घालणारे. त्या एका उत्तरावरून पुढचं बरंच कळतं.

पायरी ५: मग बाजूला बघा, कोण कुठे बसलंय

न्यूयॉर्कने १९६१ च्या नियमांत बिल्डरला सवलत दिली की इमारतीपुढे लोकांसाठी मोकळा चौक सोडला तर जास्तीचं बांधकाम मिळेल. चौक भरपूर झाले, पण कितीतरी ओसाड पडलेले, म्हणून विल्यम व्हाईट या माणसाने सत्तरच्या दशकात कॅमेरे लावून आणि तासन् तास उभं राहून बघितलं की काही चौक भरलेले आणि काही रिकामे का. उत्तर ऐकायला फार साधं वाटतं, लोक तिथे बसतात जिथे बसायला जागा आहे. पण ते मोजून दाखवल्यावर १९७५ मध्ये नियम बदलले आणि अशा चौकांत बसायची सोय करणं भाग पडलं. म्हणजे एका माणसाच्या नीट बघण्याने कायदा हलला, हे मला दर वेळी सांगताना भरून येतं.

तुम्ही पण हेच करा. गाईड बोलत असताना मिनिटभर गर्दी मोजा, किती लोक चालतायत, किती थांबलेत, किती बसलेत, त्यात बायका किती, लहान मुलं किती, एकटी म्हातारी माणसं किती. बाकाला मधे लोखंडी दांडे आहेत का, कट्ट्यावर टोकदार दगड लावलेत का, सावली बाकावर पडते का बाकाच्या मागे. बसायची जागा असूनही कोणी बसत नसेल तर तिथे स्वतः पाच मिनिटं बसा, कारण लगेच कळतं, कधी ऊन, कधी वास, कधी पाठीमागून जाणाऱ्या गाड्या.

गाड्यांवरून आठवलं. डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड या नगररचनेच्या अभ्यासकांनी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एकमेकांसारख्याच तीन रस्त्यांवर राहणाऱ्यांना विचारलं होतं की तुमच्या रस्त्यावर तुमचे मित्र किती, ओळखी किती. कमी गाड्यांच्या रस्त्यावर मित्रांचा आकडा जास्त गाड्यांच्या रस्त्यापेक्षा साधारण तिप्पट निघाला. रहिवाशांच्या वॉकमध्ये मी हा प्रश्न नेहमी विचारते, रस्त्याच्या पलीकडे तुम्ही कोणाला नावाने ओळखता, आणि रुंदीकरणाच्या आधी ओळखायचात का.

रस्ता ओलांडायचा सिग्नल पण मोजा. चालायचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरून वेळ ठरवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, म्हणजे अठरा मीटर रुंद रस्त्याला पंधरा सेकंद. आता ग्रुपमधल्या सगळ्यात वयस्कर माणसाबरोबर, त्यांच्या चालीने ओलांडा आणि बघा हिरवा दिवा कुठे संपतो.

पायरी ६: एक ब्लॉक पूर्ण फिरून बघा

गाईड साधारण सरळ रेषेत नेतो, पण वेळ मिळाला तर एका ब्लॉकला प्रदक्षिणा घाला. चंदीगडचा एक सेक्टर साधारण ८०० बाय १२०० मीटरचा, आत रस्ते-पायवाटा आहेत पण त्याच्या चारी बाजूंनी मोठ्या रस्त्याने फिरायचं म्हटलं तर चार किलोमीटर, पाऊण तासाच्या वर. बार्सिलोनाच्या एशाम्पला नावाच्या भागातला ब्लॉक एका बाजूला ११३ मीटर, पाच-सहा मिनिटांत फेरी पूर्ण. दोन्ही विचार करून आखलेलीच शहरं, पण एकात दर दोन मिनिटांनी कोपरा येतो, दुकान येतं, वळायचा पर्याय येतो, आणि दुसऱ्यात मोठ्या रस्त्याच्या कडेने चालताना तो येता येत नाही. हे नकाशावर बघून कळत नाही कारण नकाशात दोन्ही चौकोनच.

त्याच बार्सिलोनाची गोष्ट ठरलं काय आणि झालं काय यासाठी पण चांगली. एशाम्पला आखणारे इंजिनियर इल्देफोन्स सेर्दा यांचा आराखडा १८५९ चा, त्यात ब्लॉकच्या दोनच बाजूंना इमारती आणि बाकी जागा बागेला असा विचार होता. जमिनीचे भाव आणि बांधायची घाई यात हळूहळू चारी बाजू बांधल्या गेल्या आणि आतली मोकळी जागा पण भरली. कोपरे मात्र सेर्दांनी कापून आखले होते ते तसेच राहिले, पुढे त्यात गाड्या उभ्या राहायला लागल्या, आणि २०१६ पासून सुपरब्लॉक, म्हणजे काही ब्लॉक एकत्र धरून त्यांच्या आतल्या रस्त्यांवरच्या गाड्या कमी करणं, सुरू झाले तेव्हा त्याच कापलेल्या कोपऱ्यांमुळे तयार चौक हाताशी आला, त्यात आता बाक आहेत, झाडं आहेत, मुलं खेळतात. दीडशे वर्षांपूर्वीची एक तिरकी रेघ अशी उपयोगाला आली.

पायरी ७: पाणी कुठे जातं ते विचारा

हा प्रश्न ग्रुपमध्ये फार कोणी विचारत नाही म्हणून मी विचारते. नवीन रस्ता, नवीन चौक, सगळीकडे फरशी आणि सिमेंट, मग पावसाचं पाणी जाणार कुठे? गाईड काय सांगतो ते ऐका आणि मग उताराकडे बघा, जाळ्या कुठे आहेत, त्या सगळ्यात खोलगट जागी आहेत का उंचावर. झाडाच्या बुंध्याभोवतीची माती फुटपाथपेक्षा खाली असेल तर पाणी आत जाईल, वर उचललेला कट्टा असेल तर झाडाला पावसाचा उपयोगच नाही.

हाफेनसिटीत हे फार छान बघता येतं. तो भाग पुराच्या बंधाऱ्याच्या बाहेर आहे, म्हणून त्यांनी इमारती आणि मुख्य रस्ते समुद्रसपाटीपासून साधारण आठ-नऊ मीटर उंच भरावावर घेतले, आणि नदीकाठचे जुने धक्के खालीच ठेवले, ते वादळातल्या मोठ्या भरतीला बुडतात आणि बुडावेत असंच ठरवलंय. खालून वर जिना चढताना तुम्ही अख्खा पूर चढत असता. सोलमध्ये चोंगेचॉन ओढ्यावरचा उन्नत रस्ता पाडून २००५ मध्ये जवळजवळ सहा किलोमीटरचा ओढा परत उघडा केला, लाखो लोक तिथे पाय बुडवून बसतात, पण ते वाहतं पाणी बरंचसं हान नदीतून पंपाने आणून सोडलेलं आहे. मला स्वतःला तो प्रोजेक्ट आवडतो, आणि पंपाची गोष्ट कळल्यावर पण आवडतो, फक्त आता त्याला नैसर्गिक ओढा म्हणून दाखवलं तर मी हात वर करते.

पायरी ८: प्रश्न कसे विचारायचे

भांडायला जाऊ नका. वॉक घेणारा बहुतेक वेळा निर्णय घेणारा नसतो, आणि समोरच्याला कोपऱ्यात घेतलं की तो माहितीपत्रकातली वाक्यं म्हणायला लागतो. साधे प्रश्न खोल जातात: हे कधी ठरलं? तेव्हा दुसरे कुठले पर्याय टेबलावर होते? याची देखभाल कोण करणार, आणि किती वर्षांचे पैसे बाजूला ठेवलेत? आधी इथे कोण होतं आणि ते आता कुठे आहेत?

शेवटचा प्रश्न तर विचाराच. एका वॉकला आम्ही नव्या रुंद रस्त्यावर उभे होतो, गाईड मनापासून सांगत होता की वाहतूक किती सुरळीत झाली, आणि तिथून जाणाऱ्या एक आजी थांबून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "बाळा, तू उभा आहेस ना, बरोब्बर तिथे झाड होतं. आम्ही त्याच्याखाली बसची वाट बघायचो." मग कोणीतरी विचारलं आता स्टॉप कुठे, आजींनी लांब बोट दाखवलं, आम्ही सगळे त्यांच्याबरोबर तिथपर्यंत चालत गेलो, मी मोजली, तीनशे दहा पावलं, आणि स्टॉपवर छप्पर नव्हतं. गाईडने वहीत लिहून घेतलं. माझ्या वहीत त्या दिवसाचं दुसरं काहीच नाही, तेवढंच आहे.

दुकानदारांचं पण ऐका, आणि कधी विचारताय ते लक्षात ठेवा. कोपनहेगनमध्ये स्ट्रोएट रस्ता १९६२ मध्ये आणि ब्राझीलच्या कुरितिबा शहरात मधला मुख्य रस्ता १९७२ मध्ये गाड्यांना बंद केला तेव्हा दोन्हीकडे दुकानदार विरोधात होते, कुरितिबात तर काम एका वीकेंडमध्ये उरकलं, आणि पुढे दोन्ही रस्ते गिऱ्हाइकांनी भरले. म्हणजे विरोध खोटा होता असं नाही, भीती खरीच असते, पण पहिल्या महिन्यात विचारलेलं आणि पाच वर्षांनी विचारलेलं उत्तर एक नसतं.

फोटोंचं एक. इमारतीचे हवे तेवढे काढा, माणसांचे विचारून. वस्तीच्या पुनर्विकासाच्या वॉकला कोणाच्या दारात, खिडकीत कॅमेरा नको. कोलंबियातल्या मेदेयीन शहराच्या कोमुना १३ या भागात २०११ ला डोंगरावरच्या वस्तीसाठी सरकते जिने बसवले, आता तिथे वॉकची एवढी गर्दी असते की ज्यांच्यासाठी जिने केले त्यांनाच त्यातून वाट काढावी लागते. आपण बघायला गेलोय, ते राहतायत, त्यांची वाट आधी.

पायरी ९: घरी आल्यावर

त्याच रात्री नकाशा न बघता, आठवणीतून, एका कागदावर वॉकचा रस्ता काढा. केविन लिंच या अमेरिकन नगररचनाकारांनी लोकांना असेच नकाशे काढायला लावून १९६० च्या सुमारास दाखवून दिलं की माणूस शहर लक्षात ठेवतो ते वाटा, कडा, भाग, चौक आणि खुणेच्या जागा यांच्या आधाराने. तुमच्या कागदावर जो तुकडा कोरा राहिला तिथे बहुतेक लांबलचक भिंत असते किंवा पार्किंग. तो तुकडा परत जाऊन बघा.

आणि परत जाच, एकटे, वेगळ्या वेळी. वॉक शनिवारी सकाळी होता तर तुम्ही मंगळवारी रात्री नऊला जा. दिवे कुठे आहेत, कोण आहे, तुम्हाला भरभर चालावंसं वाटतं का हळू. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस १९१४ मध्ये भारतात आले आणि गावोगाव चालत फिरले, त्यांचा आग्रहच होता की आधी पाहणी, मग आराखडा, जुनी वस्ती सरसकट पाडण्याऐवजी जिथे दुखतंय तिथेच बारीक शस्त्रक्रिया करा. शंभर वर्षांपूर्वी ते पायी करता आलं तर आपल्याला एक मंगळवार जमेल.

वहीत जे सापडलं ते वहीत ठेवू नका. आराखड्यावर हरकती आणि सूचना घ्यायची मुदत असते, ती बघा आणि लिहून द्या, 'सोय वाईट आहे' असं नको, 'अमुक खांबापासून बारा पावलांवर ठिपक्यांची टाईल हवी' असं. मोजमाप आणि फोटो जोडलेला कागद बाजूला सारणं अवघड जातं. त्या डीपीबद्दल मी तसंच लिहून दिलं होतं, दोनदा पाठवावं लागलं, चार महिन्यांनी तिथे ठिपक्यांच्या सहा टाईल्स आणि वळण आलं.

पायरी १०: पाच-सहा वॉक झाले की स्वतः एक घ्या

त्यासाठी तज्ज्ञ असावं लागत नाही. अंतर एक किलोमीटर, थांबे पाच, प्रत्येक थांब्याला तुमचं बोलणं तीन मिनिटं आणि बाकीच्यांचं सात. माणसं पंधराच्या वर नकोत, नाहीतर मागच्यांना ऐकू जात नाही आणि फुटपाथ अडतो. सगळ्यात मागे एक ओळखीचं माणूस चालत ठेवा जे कोणी मागे राहिलं तर सांगेल. आदल्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी पूर्ण रस्ता चालून बघा, शक्य झालं तर बाबागाडी ढकलत, सगळ्या अडचणी दहा मिनिटांत सापडतात. थांबा सावलीत आणि गाड्यांच्या आवाजापासून थोडा लांब असावा, दाखवायची गोष्ट समोर असली तरी. जुना फोटो मोठा छापून न्या, फोनवर दाखवलेला तिघांनाच दिसतो. आणि शेवटचा थांबा बसस्टॉपजवळ, बसायला जागा असेल असा ठेवा, कारण लोकांचं खरं बोलणं वॉक संपल्यावर सुरू होतं आणि पुढचा अर्धा तास कोणी हलत नाही.